तालांव मिळाला, पुढे काय?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



काल याच व्यासपीठावर नाट्यसंगीत रंगले होते. आज तिथे उभे राहून आम्ही वाहतुकीच्या दंडावर बोलणार, हे कळल्यावर मागच्या दोन रांगा चहाला गेल्या तरी आमची तक्रार नाही. आम्ही वकील नव्हे. शिक्षण अभियांत्रिकी पदविका, नोकरी सरकारी, घर पेडणे तालुक्यात आणि रोजचे जाणे-येणे डिचोलीला. आमच्या घरी जे घडले, त्यातून आम्हांला जे शिकावे लागले, तेवढेच आज सांगायचे आहे.

गोव्यात आपण दंडाच्या पावतीला ‘तालांव’ म्हणतो. शब्द पोर्तुगीज. पावतीपुस्तकातून फाडून द्यायचा तो कागद. एक भाग आपल्या हातात, दुसरा पुस्तकात. पूर्वी हेल्मेट नसले की शंभराची नोट काढायची, तालांव खिशात घालायचा आणि घरी पोचेपर्यंत विसरून जायचे. नंतर मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि गोव्यात १ एप्रिल २०२२ पासून वाढीव दंड लागू झाले. आता हेल्मेट नसल्यास १,००० रुपये, विमा नसल्यास पहिल्या वेळी २,०००, परवाना नसल्यास ५,०००. पण रक्कम वाढली, यापेक्षा मोठा बदल वेगळाच आहे. फाडलेला कागद हरवायचा. संगणकातली नोंद हरवत नाही.

२०२३ च्या चतुर्थीच्या चार दिवस आधीची गोष्ट. घरी माटोळीची तयारी चालली होती. न्यायालयाचे समन्स आले. नाव आमच्या बाबांचे. बाबा २०१९ सालीच गेले होते. गुन्हा कसला, तर हेल्मेट न घालता दुचाकी चालवल्याचा.

आईने समन्स हातात घेतले आणि खुर्चीत बसून राहिली. चाळीस वर्षे सायकल आणि स्कूटर चालवलेला माणूस, कधी एक तालांव नाही. “ह्यांच्या नावावर गुन्हा?” एवढेच ती बोलली. शेजाऱ्यांनी सल्ला दिला, हजार रुपयांचा प्रश्न आहे, भरून मोकळे व्हा. आम्हांलाही क्षणभर तेच बरे वाटले. सणाच्या दिवसांत कोर्टाची पायरी कोण चढणार?

पण समन्स नीट वाचल्यावर एक गोष्ट लक्षात आली. वाहतूक पोलिसांकडे तडजोड शुल्क भरणे वेगळे आणि न्यायालयात गुन्हा कबूल करून दंड भरणे वेगळे. पहिल्यात प्रकरण तिथेच मिटते. दुसऱ्यात न्यायाधीश दोषी ठरवतात आणि तशी नोंद होते. म्हणजे हजार रुपये वाचावेत म्हणून नव्हे, तर जे बाबांनी केलेच नाही ते त्यांच्या नावावर लागू नये म्हणून आम्ही शोधाला लागलो.

आधी ‘ई-चलन परिवहन’ हे केंद्र सरकारचे संकेतस्थळ. तिथे तीन प्रकारे शोध घेता येतो: चलन क्रमांक, वाहन क्रमांक किंवा वाहनचालक परवान्याचा क्रमांक. वाहन क्रमांकाने शोधायचे तर चासिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे लागतात. आमच्याकडे गाडीही नव्हती आणि तिचे पुस्तकही नव्हते. बाबांच्या फायलीत जुन्या विम्याची झेरॉक्स सापडली, त्यावर चासिस क्रमांक होता. शोध घेतला, तर एक नव्हे, दोन तालांव निघाले.

मग ‘ई-कोर्ट्स’ संकेतस्थळ. राज्य गोवा, जिल्हा उत्तर गोवा, मग न्यायालय निवडायचे. यादी इंग्रजी वळणाची असल्यामुळे पेडणे शोधायचे ‘पर्नेम’ म्हणून आणि डिचोली ‘बिचोलिम’ म्हणून. खटल्याचा क्रमांक असेल तर काम सोपे. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो टाकला की पुढची तारीख आणि सद्यःस्थिती लगेच दिसते. क्रमांक नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधायचे, आणि इथे आपले गोवेकर अडकतात. देसाई एका ‘एस’चे की दोन? नाईक शेवटी ‘के’ने की पोर्तुगीज वळणाच्या ‘क्यूयूई’ने? परब, परोब की पोरोब? गावकरांचे स्पेलिंग तर एका घरात दोन प्रकारचे मिळेल. म्हणून नाव पूर्ण न टाकता सुरुवातीची काही अक्षरे टाकावीत, वर्ष बदलून पाहावे, आणि प्रलंबित व निकाली असे दोन्ही प्रकार तपासावेत. एवढे करूनही सापडले नाही, म्हणजे प्रकरण नाहीच असे समजू नये. न्यायालयाच्या कार्यालयात वाहन क्रमांक आणि समन्स घेऊन प्रत्यक्ष जावे. आम्ही गेलो. तिथल्या कारकुनाने शांतपणे नोंदवही काढून दाखवली.

नोंदीतून उलगडा झाला. बाबांनी ती स्कूटर २०१६ साली ओळखीच्या माणसाला विकली होती. हस्तांतराचे २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म सह्या करून त्याच्या हाती दिले आणि विश्वासाने घरी आले. त्याने ते कधी वाहतूक खात्यात दिलेच नाहीत. उलट गाडी पुढे तिसऱ्याला विकली. सरकारदरबारी मालक बाबाच राहिले.

इथे चूक आमचीही आहे, ती लपवत नाही. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत वाहतूक खात्याला कळवायचे, घेणाऱ्याने ३० दिवसांत, असे कायद्याचे कलम ५० सांगते. मालक वारला तर वारसांनी ३० दिवसांत कळवायचे आणि तीन महिन्यांत ३१ क्रमांकाचा फॉर्म भरायचा. आम्ही बाबांची बँक, पेन्शन, घरपट्टी, सगळे निस्तरले. स्कूटर आठवलीच नाही, कारण ती अंगणात नव्हती. आणि ही बाब हजार रुपयांची नाही. नाव न बदललेल्या गाडीने अपघात झाला, तर नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे.

बाबांनी मात्र एक गोष्ट केली होती. गाडी दिली त्या दिवशीच्या कागदावर तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही घेऊन तो फायलीत ठेवला होता. तारखेला आम्ही मृत्यूचा दाखला आणि तो कागद घेऊन उभे राहिलो. न्यायाधीशांनी दोन्ही पाहिले. मृत माणसावर खटला चालत नाही. पाच मिनिटांत प्रकरण निकाली निघाले. आई बाहेर बाकावर बसली होती. तिला सांगितले, तेव्हा तिने विचारले, “लिहून दिलं ना त्यांनी?”

तिचा प्रश्न अगदी योग्य होता. कारण आदेश झाला तरी संकेतस्थळावर तालांव पुढे कित्येक आठवडे प्रलंबितच दिसत राहिला. आम्ही अर्ज करून आदेशाची प्रमाणित प्रत घेतली, ती दिली, पोच घेतली, तेव्हा नोंद बदलली. दुसरा तालांव न्यायालयात गेला नव्हता. त्याबाबत कागदपत्रांसह लेखी कळवले आणि वाहतूक खात्यातही गाडीची खरी स्थिती नोंदवली.

आता आपल्या सर्वांच्या उपयोगाचे काही. तालांव मान्य असेल तर मुदतीत भरून टाकावा. त्यात कमीपणा नाही. मान्य नसेल तर गप्प बसू नये. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवावी, असे केंद्रीय नियम १६७-अ सांगतो. छायाचित्र उघडून पाहावे. क्रमांक आपलाच आहे का, गाडी आपलीच आहे का, ते तपासावे. समन्स आले तर तारीख चुकवू नये. चुकली की पुढे वॉरंट निघू शकते. किरकोळ गुन्ह्यात वकिलामार्फत हजर राहण्याची किंवा रजिस्टर पत्राने गुन्हा कबूल करण्याची सोय कलम २०८ प्रमाणे समन्समध्ये दिलेली असू शकते, म्हणून समन्स शेवटपर्यंत वाचावे. जुने प्रकरण निघाले तर वकिलाला मुदतीचे विचारावे. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने साधारणपणे सहा महिन्यांत घ्यायची असते. तडजोडीची प्रकरणे राष्ट्रीय लोकअदालतीत मिटू शकतात आणि तिथल्या निवाड्यावर अपील नसते. महिलांना कायदा सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

आपल्या पेडणे-डिचोलीकरांची आणखी एक गंमत. आपली सोयरीक सावंतवाडीत, दोडामार्गात. पत्रादेवी ओलांडली की राज्य बदलते आणि तालांवही बदलतो. महाराष्ट्राचे ई-चलन त्यांच्या स्वतंत्र संकेतस्थळावरही पाहावे लागते. वाहतूक प्रकरणांसाठी महाराष्ट्राचे पहिले आभासी न्यायालय ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे सुरू झाले. म्हणजे बांद्याला बारशाला जाऊन आल्यावर एखाद्या दिवशी तिकडची नोंदही पाहून घ्यावी.

आणि सावधगिरी. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तुमचे चलन’ म्हणून फाईल आली तर ती उघडू नका. ती उघडून बँक खाते रिकामे झाल्याच्या तक्रारी देशभर आल्या आहेत. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. तो स्वतः टाईप करून पाहावा.

शेवटी एकच विनंती. गणपती विसर्जनानंतर एक संध्याकाळ काढा. घरातल्या प्रत्येक वाहनाचा क्रमांक, जीए-०४ असो की जीए-११, तपासून पाहा. विकलेल्या गाड्या आठवा. घरातील गेलेल्या माणसांच्या नावावरची वाहने तर आधी पाहा. आपल्या वडीलधाऱ्यांनी आयुष्यभर जपलेले नाव नंतर कागदावर सांभाळायचे काम आपलेच आहे. बाबांची ती फाईल आता आम्ही ठेवतो. प्रमाणित प्रत त्यात सगळ्यांत वर लावली आहे. आईनेच लावली.



गणपती बाप्पा मोरया!