शिकागोच्या नभोवाणीवरील ग्रामसंगीत

टपालानें माल विकणाऱ्या सीअर्स-रोबक पेढीनें १९२४ सालच्या एप्रिलांत शिकागो येथें डब्ल्यूएलएस हें नभोवाणी-केंद्र उघडलें. पेढीचीं गिऱ्हाइकें बहुतांशीं शेतकरी. तेव्हां १९ एप्रिलच्या शनिवारीं रात्रीं ‘बार्न डान्स’, म्हणजे कोठारांतील नाच, या कार्यक्रमांत खेडवळ व्हायोलिन ऐकूं आलें. नागर अभिरुचीस तें ओबडधोबड वाटावें, हें साहजिकच. पण श्रोतेहो, त्या महानगराच्या कारखान्यांत राबणारे कित्येक जण नांगर सोडूनच तेथें आले होते! घरबसल्या फुकट मिळणारें हें गाणें ऐकावयास १९३२ पासून लोक एट्थ स्ट्रीट नाट्यगृहांत पैसे मोजून बसत. १९६० सालीं मात्र केंद्रानें रॉक संगीताची कास धरली. तेथून उठलेल्या या कार्यक्रमास पुढें त्याच शहरांतील डब्ल्यूजीएन केंद्रानें कांहीं वर्षें आसरा दिला.