मेन स्विच कुठे आहे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी कोणी भरतकामावर बोलते, कोणी पापड-कुरडयांवर. यंदा चिटणीसबाईंनी माझा विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "मी पाण्याची मोटर आणि विजेची बटणे यांवर बोलेन." त्या हसल्या. हा विषय पुरुषांचा, अशीच आपली समजूत आहे. पण मोटर चालू कोण करते? टाकी भरली की नाही हे कोण पाहते? इस्त्री, मिक्सर, पाणी तापवायची कांडी कोणाच्या हातात असते? पुरुष मंडळी मागावर नाहीतर दुकानात गेली की दिवसभर विजेशी गाठ आपलीच. मग तिची ओळख तेवढी आपल्याला नको, हे कसे?

मी हे शहाणपण सोसून शिकले आहे. आमच्या गल्लीत नळाला पाणी दिवसाआड येते. आले की हौद भरायचा आणि हौदातले पाणी अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरीने गच्चीवरच्या टाकीत चढवायचे. ओसरीतले सॉकेट जुने, दोन भोकांचे. मोटरीचा प्लग तीन पिनांचा. रोजची कटकट नको म्हणून प्लगची वरची जाड पिन मीच मुलाकडून काढून घेतली. मोटर चालली. मनात म्हटले, बरे झाले, नव्या सॉकेटचे पैसे वाचले.

पुढे पावसाळ्यातल्या एका सकाळी माझ्या धाकट्या जाऊबाईंनी चालू मोटरीला ओला हात लावला आणि तो तिथेच चिकटला. तोंडातून शब्द फुटेना. मी धावले, त्यांना धरणार तोच सासूबाईंनी मागून माझा पदर ओढला. शेजारून कोणीतरी ओरडले, "मेन बंद करा!" आणि मेन स्विच कुठे आहे हेच मला ठाऊक नव्हते. वीस वर्षे मी त्या घरात नांदत होते. अंधारात मोहरीचा डबा काढून देईन. पण मेन स्विच दारावरच्या कॅलेंडरमागे आहे, हे मला माहीत नव्हते.

शेवटी सासूबाईंनी कपडे वाळत टाकायची कोरडी वेळूची काठी उचलली आणि जाऊबाईंचा हात मोटरीवरून उडवला. मी कधी फ्यूजजवळ गेले की याच सासूबाई म्हणत, "हात नको लावू व माय, ते माणसेसनं काम शे!" त्या दिवशी घरात एकही पुरुष नव्हता. जाऊबाई वाचल्या. तळहातावर डाग राहिला आहे. त्या आज इथे पुढच्या रांगेत बसल्या आहेत, आणि त्यांना विचारूनच मी हे सांगते आहे.

दुसऱ्या दिवशी एक जाणते वायरमन घरी आले. त्यांनी प्लग हातात घेतला आणि विचारले, "ही पिन कोणी काढली?" मी मान खाली घातली. ते रागावले नाहीत. ओट्यावर बसून त्यांनी आम्हा दोघी जावांना समजावले. ती तिसरी पिन अर्थिंगची. ती जाड आणि लांब असते, म्हणजे प्लग लावताना आधी लागते आणि काढताना शेवटी सुटते. मोटरीतली वायर खराब होऊन तिच्या लोखंडी अंगात वीज उतरली, तर या पिनेतून तिला जमिनीची वाट मिळते, प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज जातो किंवा एमसीबी पडतो. पिन नसेल तर ती वीज मोटरीच्या अंगावर वाट पाहत बसते. जो हात लावील त्याच्यातून जाते.

मी विचारले, "दादा, आमच्याकडे एमसीबी आहे, तो का नाही पडला?" हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळजणींच्या मनात असेल. घरातला १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरच्या वर प्रवाह गेल्यावरच पडतो. ओल्या अंगातून २३० व्होल्टचा झटका गेला तर प्रवाह पाव अँपिअरच्या आतबाहेर असतो; एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि माणसाचे हृदय बंद पडायला तेवढा पुष्कळ झाला. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसासाठी असते ते आरसीसीबी. गेलेली वीज तेवढीच परत आली की नाही हे ते सतत पाहते, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडायच्या आत क्षणात सगळे बंद करते. त्यावर एक चाचणीचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. दाबल्यावर खटका पडला नाही तर ते बदलून घ्यावे. आम्ही अर्थिंग नीट करून घेतले आणि आरसीसीबीही बसवले. एका साडीच्या आसपास खर्च आला.

आता आपण स्वतः काय करावे ते सांगते. मोटर चालते पण पाणी चढत नाही, तर बहुधा तिने हवा धरलेली असते. प्लग काढावा, मोटरीवरचा पाणी भरायचा नट सोडावा, तांब्याने पाणी ओतून बुडबुडे थांबेपर्यंत भरावे आणि नट घट्ट करावा. पुन्हा पुन्हा हवा धरत असेल तर हौदातल्या फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे का ते पाहावे. कोरडी मोटर कधी चालू ठेवू नये, सील जळते. मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तर ताबडतोब बंद करावी, नाहीतर वाइंडिंग जळते. पुष्कळ दिवस बंद असलेली मोटर गंजून अडकते. प्लग काढून मागचा दांडा पेचकसाने फिरवला की ती सुटते. तरीही गुणगुणली तर कपॅसिटर गेला असे समजावे, पण त्याला हात लावू नये. बटण बंद केल्यावरही त्यात वीज साठलेली राहू शकते. नळ गळत असेल तर वायसर बदलणे हे भाकरी थापण्याहून सोपे आहे. आधी पाणी बंद करा, एवढेच.

फ्यूज बांधताना मेन बंद करून, नेमून दिलेल्या जाडीचीच तार घालावी. चार पदरी तार घातली की फ्यूज जात नाही, घर जाते. इन्व्हर्टर असेल तर मेन पाडल्यावर त्याचेही बटण बंद करावे. आतल्या वायरीत त्याची वीज खेळत असते. कपडे वाळवायला लोखंडी तार बांधू नये. नायलॉनची दोरी लावावी. नळाच्या सरकारी लाइनीला थेट मोटर जोडू नये. ते नियमाबाहेरचे तर आहेच, पण त्या ओढीने फुटक्या जोडातून गटाराचे पाणी आत येते आणि शेजारणीच्या हंड्यात जाते.

आणि जे करू नये तेही स्पष्ट सांगते. नवी वायरिंग, मीटरजवळचे काम, अर्थिंग ही परवाना असलेल्या माणसाचीच कामे. २०२० साली मालेगावचे वीजवाटप महावितरणकडून खाजगी कंपनीकडे गेले. पण कंपनी कोणतीही असो, मीटरच्या पुढची वायर आपली आणि तिची जबाबदारीही आपली.

कोणाला झटका बसला तर हाताने ओढू नका. आधी मेन पाडा. ते न जमले तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडाने सोडवा. मग १०८ ला फोन करा. श्वास नसेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा.

एक गोष्ट सांगून थांबते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. तिथल्या कारखान्यात पुढे पाण्याचे पंप होऊ लागले, आणि त्याच वाडीतून १९३० साली 'स्त्री' मासिक निघाले. पंप आणि मासिक एकाच गावाहून घराघरांत आले. मासिक आपण आपले मानले. पंप मात्र पुरुषांचा समजून लांबून पाहत राहिलो.

भगिनींनो, आज घरी गेल्यावर स्वयंपाकाला लागण्याआधी दोनच गोष्टी करा. प्रत्येक प्लगची तिसरी पिन जागेवर आहे का ते पाहा. आणि मेन स्विच कुठे आहे ते स्वतः शोधा, हात पोचत नसेल तर त्याखाली लाकडी स्टूल ठेवा, आणि सुनेला, लेकीला, सासूलाही दाखवा. आमच्या सासूबाईंनी वायरमनला पहिला प्रश्न तोच विचारला होता. कॅलेंडर आता आमच्याकडे दुसऱ्या भिंतीवर आहे.