गेट्स, जॉब्स आणि तिसरा भागीदार
(मंडळाच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी वक्ता नाही. बी.कॉम. झालो आणि बँकेत कारकून म्हणून लागलो. आज उभा राहिलो त्याला कारण घरचंच आहे. माझा मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीत म्हणाला, "बाबा, बिल गेट्सनं कॉलेज सोडलं, स्टीव्ह जॉब्सनंही सोडलं. मीही सोडतो. मित्राबरोबर कंपनी काढायची आहे, तुमची मुदत ठेव मोडा."

रागवण्याआधी मी दोघांची खाती उघडून पाहिली.

दोघांचा जन्म १९५५ सालचा. गेट्स सिएटलच्या नामांकित वकिलाचे चिरंजीव. शाळेत असतानाच, १९६८ साली, त्यांना कॉम्प्युटर वापरायला मिळाला. हार्वर्ड सोडलं ते १९७५ मध्ये पॉल ॲलन यांच्याबरोबर मायक्रोसॉफ्ट सुरू झाल्यावर. म्हणजे आधी काम हाती आलं, मग कॉलेज सुटलं. स्वभाव हिशेबी. सुरुवातीला कर्मचाऱ्यांच्या गाड्यांचे नंबर पाठ असत, कोण केव्हा आला-गेला ते त्यावरून कळे, असं त्यांनीच पुढे सांगितलं. १९८१ च्या आयबीएम कॉम्प्युटरसाठी त्यांनी दुसऱ्या कंपनीची प्रणाली विकत घेऊन, सुधारून दिली. पण ती इतरांना विकायचा हक्क स्वतःकडे राखला. त्यांच्या वैभवाचं मूळ त्या एका कलमात आहे.

जॉब्स दत्तक मुलगा. वडील यंत्रकाम करणारे. कपाटाची न दिसणारी मागची बाजूसुद्धा नीट करावी, ही त्यांची शिकवण. आई-वडिलांची पुंजी फीमध्ये जाते हे पाहून जॉब्सनी कॉलेज सोडलं, तरी सुलेखनाच्या वर्गात जाऊन बसत राहिले. त्याचा उपयोग १९८४ च्या मॅकिंटॉशमधल्या अक्षरांना झाला. स्वभाव हट्टी, बोलणं जिव्हारी लागणारं. १९८५ मध्ये स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडावं लागलं, १९९७ मध्ये परतले. त्याच वर्षी ॲपल अडचणीत असताना गेट्सच्या कंपनीनं तिच्यात १५ कोटी डॉलर गुंतवले. जॉब्स २०११ मध्ये गेले.

पण मला जवळचा वाटला तो तिसराच माणूस. १ एप्रिल १९७६ रोजी ॲपल सुरू झाली तेव्हा भागीदार तीन होते: जॉब्स, मशीन बनवणारे वॉझ्निअ‍ॅक आणि रोनाल्ड वेन. वेन ४१ वर्षांचे, म्हणजे जवळपास माझ्या वयाचे. भागीदारीचा करार त्यांनीच तयार केला. वाटा १० टक्के. बाराव्या दिवशी ८०० डॉलर घेऊन ते बाजूला झाले.

लोक त्यांना हसतात. मी हसत नाही. भागीदारीत देणं अमर्याद असतं. पहिल्या ऑर्डरचे सुटे भाग उधारीवर आणले होते. दोघा तरुणांकडे जप्त करण्यासारखं काही नव्हतं. धनको आला असता तर वेनच्या दारात आला असता. त्यांचा एक धंदा आधीच बुडालेला होता. पश्चात्ताप नाही, असं ते पुढे सांगत आले.

मी मुलाला म्हटलं, "तू जॉब्स होशील की नाही, देव जाणे. पण या घरातला वेन मी आहे." ठरलं असं: पदवी पुरी करायची. तोवर सुट्टीत काम करून एक तरी पैसे देणारं गिऱ्हाईक मिळवायचं. मग भागीदारी नको, प्रायव्हेट लिमिटेड काढायची आणि मित्राशी करार लेखी करायचा. एवढं झालं तर अर्धी ठेव मी मोडीन. बुडाली तर बुडाली, पण घर वाचेल.

मंडळी, आपले पूर्वज गायकवाड सरकारच्या चाकरीसाठी बडोद्यात आले. शेजारी पेढ्या वाढल्या, आपण पेन्शनी मोजल्या. त्यात कमीपणा नाही. पण धंद्याचं नाव काढणाऱ्या मुलाला आपण एकतर झिडकारतो, नाहीतर डोळे मिटून पैसे देतो. मधली वाट म्हणजे कागद वाचून देणं. आपल्यात निवृत्त ऑडिटर आहेत, वकील आहेत, बँकवाले आहेत. महिन्यातला एक रविवार मंडळाच्या सभागृहात या मुलांचे करार वाचायला बसावं, ही कार्यकारिणीला माझी विनंती. पहिल्या रविवारी चष्मा घेऊन मी हजर असेन.