पुंगळीचं पेन: कोणी घासलं, कोणी लिहिलं?

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या गटचर्चेत ‘स्त्रिया आणि शांतता’ हा विषय निघाला तेव्हा दोघीतिघींनी विचारलं, की हे सगळं परदेशातल्या परिषदांपुरतं; आपण गावात बसून त्याचं काय करायचं? प्रश्न रास्त आहे. म्हणून मी मोठमोठ्या ठरावांपासून सुरुवात न करता एका वस्तूपासून करते. पेन. साधं बॉलपेनच, पण झाडलेल्या गोळीच्या रिकाम्या पुंगळीपासून केलेलं.

२६ सप्टेंबर २०१६ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात, कार्ताहेना या बंदराच्या शहरात, सरकार आणि फार्क ही गनिमी संघटना यांच्यात शांतता करार झाला. एका बाजूने राष्ट्राध्यक्ष हुआन मानुएल सांतोस, दुसऱ्या बाजूने फार्कचे प्रमुख रोद्रिगो लोंदोन्यो, ज्यांना सगळे तिमोचेन्को म्हणत. दोघांनी सह्या केल्या त्या अशा पेनाने. स्पॅनिशमध्ये बॉलपेनला ‘बोलीग्राफो’ म्हणतात आणि बंदुकीच्या गोळीला ‘बाला’. दोन्ही जुळवून त्यांनी नाव केलं ‘बालीग्राफो’. कल्पना शिक्षण खात्याची होती. पेनावर अक्षरं कोरलेली होती: आमचा भूतकाळ गोळ्यांनी लिहिला, भविष्य शिक्षण लिहील, अशा अर्थाची.

फार्कची स्थापना १९६४ सालची. म्हणजे बावन्न वर्षं चाललेलं हे युद्ध. सरकारी लष्कर, गनीम, आणि जमीनदारांनी व अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांनी पोसलेल्या खाजगी टोळ्या, सगळेच त्यात होते. पुढे सत्यशोधन आयोगाने २०२२ साली अहवाल दिला. त्यात १९८५ ते २०१८ या काळात मारल्या गेलेल्यांचा आकडा साडेचार लाखांच्या वर आहे, आणि त्यातले बहुसंख्य हातात बंदूक नसलेले लोक. घरदार सोडावं लागलेले तर सत्तर लाखांहून जास्त. इतक्या मरणांनंतर कोणी पुंगळीचं पेन केलं, तर मी त्याला नाक मुरडणार नाही. मला ते आवडलं. पण बाईच्या चळवळीत काम करणाऱ्या माणसाला वस्तू आवडली, की लगेच दोन प्रश्न पडतात: हे बनवलं कोणी, आणि याने लिहिलं काय?

आधी बनवण्याचं सांगते, कारण त्याचा आपल्या गटांशी थेट संबंध आला आहे.

गोळी झाडली की पुढचं टोक उडून जातं आणि पितळेची पुंगळी बाहेर पडते. रायफलची पुंगळी सुरईसारखी असते, बुडाशी जाड आणि वर मान आवळलेली. हे पितळ म्हणजे साधारण सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. बुडाच्या मधोमध एक छोटी टोपी असते. घोडा दाबला की सुई तिच्यावर आपटते आणि ठिणगी पडते. पेन करताना ही जळकी टोपी आधी ठोकून काढायची, पुंगळी धुवायची, चकाकेपर्यंत घासायची, मग लेथवर भोक पाडून आत पितळी नळी, फिरवायची कळ आणि रिफिल बसवायची. पितळ काळं पडू नये म्हणून वर पारदर्शक लाखेचा हात. काही जण दोन पुंगळ्या जोडतात आणि खालच्या पुंगळीत गोळीचं खरं टोक बसवून त्याला आरपार भोक पाडतात. रिफिल तिथून बाहेर येते. अमेरिकेत हा हौशी लोकांचा आवडता छंद आहे, शिकारीच्या रायफलींच्या पुंगळ्या तिथे सहज मिळतात. आणि जुनाही आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांत बसलेले सैनिक पुंगळ्यांपासून लायटर, फुलदाण्या, कागद कापायच्या सुऱ्या करून घरी पाठवत.

मागच्या वर्षी आमच्या भागातल्या एका बचत गटाकडे भेटवस्तूंचा एक व्यापारी अशीच पेनं घेऊन आला. म्हणाला, पुंगळ्या मी आणून देतो, बायांनी घरी बसून घासून, नळी बसवून द्यायच्या, नगावर पैसे. गटातल्या एक अक्का म्हणाल्या, “ताई, समई घासतो तशी घासायची, चिंच नाहीतर पितांबरी लावून. त्यात काय?” बाकीच्यांनीही माना डोलावल्या. लग्नसराई संपलेली, हाताला काम नाही, आणि हे दारात आलेलं.

त्यात काय, ते असं. त्या टोपीच्या आतल्या दारूत बहुधा शिशाची संयुगं असतात. गोळी झाडल्यावर त्यांची राख पुंगळीच्या आत आणि बुडाशी चिकटून राहते. कोरड्या पुंगळ्या घासल्या की ती धुळीच्या रूपाने हवेत येते. गोळीच्या टोकाला भोक पाडायचं म्हटलं तर बहुतेक टोकांच्या आत शिसंच असतं, त्याचा चुरा निघतो. ही धूळ हाताला, पदराला, भाकरीच्या परातीला लागते. शिसं गरोदर बाईच्या पोटातल्या बाळापर्यंत पोचतं आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा करतं. कारखान्यात यासाठी हवा खेचणारे पंखे, मुखपट्ट्या, हात धुण्याची आणि कपडे बदलण्याची सोय करता येते. बाईच्या स्वयंपाकघरात काय करता येतं? समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला ‘उत्पन्नवाढीचे प्रकल्प’ शिकवले, त्यांचा ताळेबंद शिकवला. घरात काम आणलं की कारखान्याचा धोकाही मालकाच्या अंगावरून बाईच्या अंगावर येतो, हे त्या ताळेबंदाच्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. तुमच्यापैकी कोणाच्या घरचं माणूस खडकीला किंवा वरणगावला दारूगोळा कारखान्यात कामाला असेल, तर विचारा त्यांना, तिथे एकेका नगाचा हिशेब कसा ठेवतात ते. या व्यापाऱ्याला आम्ही एवढंच विचारलं, की पुंगळ्या कुठून आणल्या त्याचा कागद दाखवा. तो पुन्हा फिरकला नाही. अक्का काही दिवस माझ्यावर रागावून होत्या, आणि त्यांचा राग मला चुकीचा वाटत नाही. कायदा सांगून चूल पेटत नाही. गटाने पुढे मसाल्याचं काम घेतलं, त्यात पैसा कमी आहे.

आता दुसरा प्रश्न. त्या पेनाने लिहिलं काय?

सह्या दोन पुरुषांनी केल्या. पण कागदावरचा मजकूर तसा उरला नव्हता, आणि तो आपोआप बदलला नव्हता. २५ नोव्हेंबर हा स्त्रियांवरील हिंसाचाराविरोधी दिवस आपण दरवर्षी पाळतो, पोस्टर लावतो, पथनाट्य करतो. हा दिवस ठरला तो कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटात, १९८१ साली. लॅटिन अमेरिकेतल्या स्त्रीवादी कार्यकर्त्या तिथे जमल्या होत्या आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशहाने मारलेल्या मिराबाल भगिनींच्या आठवणीत त्यांनी तो जाहीर केला. पुढे १९९६ साली याच तारखेला कोलंबियाच्या निरनिराळ्या भागांतल्या बाया बसगाड्या भरभरून मुतातां या गावाकडे निघाल्या. तो भाग सशस्त्र टोळ्यांच्या ताब्यात होता, तिथल्या बायांवर अत्याचार चालले होते. या प्रवासातून ‘रुता पासिफिका’, म्हणजे शांततेची वाट, ही बायांची संघटना उभी राहिली. काळे कपडे घालून, मूकपणे त्या चौकात उभ्या राहत. लष्कर, गनीम, टोळ्या, कुणाचीच बाजू न घेता.

२०१२ मध्ये हवाना शहरात वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा सरकारच्या बाजूने टेबलाशी बसलेले मुख्य प्रतिनिधी सगळे पुरुष. ऑक्टोबर २०१३ मध्ये बोगोटात बायांच्या संघटनांनी राष्ट्रीय परिषद घेतली आणि मागणी केली, की आम्ही टेबलाशी असल्याशिवाय करार नको. महिनाभरात सरकारने दोन स्त्रिया नेमल्या. २०१४ मध्ये दोन्ही बाजूंची मिळून लिंगभाव उपसमिती झाली. त्याच वर्षी युद्धात होरपळलेल्या साठ जणांना पाच तुकड्यांत हवानाला नेलं, त्यात निम्म्याहून जास्त बाया होत्या. ज्यांच्या माणसांनी आपल्यावर अत्याचार केले त्यांच्यासमोर बसून त्यांनी सांगितलं.

त्यातून करारात काय आलं? लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांना माफी नाही. हे फार मोठं आहे, कारण युद्ध संपलं की ‘झालं गेलं विसरा’ म्हणताना सगळ्यांत आधी विसरायला लावतात ते हेच. भूमिहीनांसाठी तीस लाख हेक्टरचा जमीन निधी, आणि त्यात ग्रामीण बायांना, घर एकटीने चालवणाऱ्यांना प्राधान्य. पुढे अमेरिकेतल्या क्रॉक संस्थेने, जिच्याकडे अंमलबजावणीवर लक्ष ठेवण्याचं काम होतं, करारातली एकूण ५७८ वचनं मोजली. त्यांपैकी १३० लिंगभावाशी संबंधित.

मग २ ऑक्टोबर २०१६ ला सार्वमत झालं आणि करार पडला. अर्ध्या टक्क्याहून कमी फरकाने. पडण्याची कारणं अनेक होती, पण आपल्या दृष्टीने एक महत्त्वाचं. विरोधकांनी प्रचार केला, की या करारातून ‘लिंगभावाची विचारसरणी’ घुसवली जाते आहे, कुटुंबसंस्था मोडणार आहे. हा प्रचार आला कुठून? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शाळांसाठीच्या एका पुस्तिकेवरून मोर्चे निघाले होते. मुलांमध्ये भेदभाव होऊ नये, समलिंगी मुलांचा छळ होऊ नये, म्हणून ती पुस्तिका तयार झाली होती. कोणत्या खात्याकडून? शिक्षण खात्याकडून. ज्या खात्याने पुंगळीचं पेन काढलं, त्याच खात्याकडून. पेनाचं कौतुक सगळ्या जगाने केलं, त्या पुस्तिकेसाठी मात्र मंत्रीणबाईंना संसदेत धारेवर धरलं.

२४ नोव्हेंबरला सुधारलेल्या करारावर पुन्हा सह्या झाल्या. बऱ्याच जागी लिंगभावाची भाषा सौम्य केली गेली. पण बायांच्या संघटना मधल्या सात आठवड्यांत गप्प बसल्या नाहीत, आणि अत्याचाराला माफी नाही हे कलम टिकलं.

पेनाइतका गाजावाजा न झालेली एक वस्तू सांगते. फार्कने जवळपास नऊ हजार शस्त्रं खाली ठेवली. कराराप्रमाणे त्यांच्यापासून तीन स्मारकं करायची होती, त्यातलं बोगोटातलं काम दोरिस साल्सेदो या शिल्पकार बाईंकडे आलं. उंच पुतळा करायला त्यांनी नकार दिला. सदतीस टन शस्त्रं वितळवून त्यांनी एक जमीन केली, १,२९६ फरशांची. फरशांचे साचे करण्यासाठी धातूचे पत्रे ठोकले ते युद्धात लैंगिक अत्याचार सोसलेल्या सुमारे वीस बायांनी. हातात हातोडा घेऊन. त्यामुळे त्या फरशा सपाट नाहीत, त्यांवर खळगे, वळ्या, घावांच्या खुणा आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये ते खुलं झालं. लोक तिथे आले, की बंदुकांवर पाय देऊन चालतात. पेन दाखवायला टेबलावर ठेवता येतं. ही जमीन बनवताना मात्र ज्यांनी सोसलं त्यांच्याच हाताला काम होतं, आणि त्या वस्तूवर त्यांच्या घावांची नोंद राहिली. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

पुढचं थोडक्यात. फार्कमध्ये दर चौघांमागे जवळपास एक बाई लढवय्यी होती. त्यांच्यातल्या अनेकींना सक्तीने गर्भपात करायला लावले गेले होते. अशा एकीला २०१९ साली तिथल्या संविधान न्यायालयाने युद्धपीडित म्हणून मान्यता दिली. करारातून निर्माण झालेल्या विशेष न्यायालयाने लैंगिक आणि लिंगाधारित हिंसाचाराचं स्वतंत्र प्रकरण उघडलं ते थेट सप्टेंबर २०२३ मध्ये. सात वर्षांनी, आणि तेही बायांच्या संघटनांनी सतत तगादा लावल्यावर. क्रॉक संस्थेच्या अहवालांतही वर्षामागून वर्षं तेच नोंदवलं गेलं: लिंगभावाची कलमं बाकीच्या कलमांच्या मागे रेंगाळताहेत.

जेवणानंतरच्या सत्रात आपण करारातली जमिनीची कलमं वाचणार आहोत. आपल्याकडे १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम काढली होती, नवऱ्याने आपणहून बायकोच्या नावावर जमीन करायची, अशी. तुमच्या गावात तेव्हा किती सातबाऱ्यांवर बाईचं नाव चढलं, आणि आज त्यांतली किती जमीन खरोखर तिच्या हातात आहे, हे ज्यांना माहीत असेल त्यांनी लिहून आणा. कलमांचं मराठी मी कामापुरतं केलं आहे. प्रती बावीसच आहेत, दोघींत एक घ्या.