कोठारातली शिल्लक



मी कापडाचा व्यापारी. मी शस्त्रांविषयी बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु हा विषय मला भेटला तो मालाच्या शिल्लकीचा प्रश्न म्हणून. आमच्याकडे न खपलेला तागा पडून पडून पिवळा पडतो, त्याला कसर लागते आणि अखेर तो चिंधीच्या भावाने जातो. बंदुकीचे तसे नाही. तेल लावून ठेवलेली कलाश्निकॉव्ह पन्नास वर्षांनीही चालते. तिची शिल्लक सहसा मोडीत निघत नाही, फक्त मालक बदलते.

अल्बानियाचे उदाहरण पाहावे. एन्व्हर होजा याच्या राजवटीने परचक्राच्या भयाने देशभर काँक्रीटचे बंकर बांधले आणि कोठारे शस्त्रांनी भरली. 1985 साली होजा वारला, पुढे राजवटही गेली. कोठारे तशीच राहिली. त्यानंतर लोकांनी घरेदारे विकून झटपट दामदुप्पट देणाऱ्या योजनांत पैसा घातला. (तो हिशेब बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जुळवता आला नसता!) या योजनांची देणी देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळजवळ निम्मी झाली आणि 1997 च्या आरंभी सारे कोसळले. मार्चमध्ये जमावाने लष्करी कोठारे फोडली. पाच लाखांहून अधिक शस्त्रे लुटली गेली आणि त्या धुमाळीत सुमारे 2,000 माणसे प्राणास मुकली.

माल मुबलक झाला की भाव पडतो, आणि भाव पडला की गिऱ्हाईक दाराशी येते. सीमेपलीकडे कोसोव्हो होते. 1989 साली तेथील स्वायत्तता काढून घेतली गेली होती, असंतोष धुमसत होता. डोंगरवाटांनी शस्त्रे कोसोव्हो मुक्तिसेनेच्या हाती पोहोचली आणि 1998 मध्ये युद्ध पेटले. युद्धाचे कारण बंदुका नव्हेत, हे मान्य. पण चकमकींचे युद्ध होण्यास त्यांनी हातभार लावला, असे माझे मत आहे. हिंसेचे साधन दुसऱ्याच्या हाती देणे यास आपल्या श्रावकाचारात हिंसादान म्हटले आहे. येथे तर देणारा कोणी नव्हताच; पहारेकरी चौकी सोडून घरी निघून गेला होता.

1999 साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाने ग्रामश येथे शस्त्रे परत घेण्याचा प्रयोग केला. याच गावी पूर्वी कलाश्निकॉव्हचा कारखाना होता. बंदुकीला रोख पैसे द्यायचे नाहीत, असे ठरले. व्यापारी म्हणून मला हे मोलाचे वाटते, कारण रोख मोजली असती तर बंदुकांचा नवा बाजारच उभा राहिला असता. त्याऐवजी साऱ्या परिसराला रस्ते, दिवे अशा सोयी मिळाल्या. सुमारे 6,000 शस्त्रे जमा झाली. लुटीच्या मानाने ती थोडीच.

कोठारांत जो दारूगोळा उरला होता, तो पुढे मोडीत काढण्याचे काम तिराना शहराजवळ गर्देत्स या गावी चालू झाले. आसपासच्या खेड्यांतील स्त्री-पुरुष रोजंदारीवर काडतुसे सोलत बसत, पितळ वेगळे करीत. 15 मार्च 2008 रोजी तेथे स्फोट झाला आणि 26 माणसे मृत्युमुखी पडली.