यादी आणि कुलूप

26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. पन्नासहून अधिक माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला होता. पोलिसांनी त्याचा माग काढला, तो पोचला नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये. तिथं एक अमेरिकन भाडेकरू राहत होता. त्याचे संगणक नेले, चौकशा झाल्या. पुढं निघालं ते असं, की त्याचं वायफाय उघडं होतं आणि ते दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीचं वायफाय असंच वापरलं गेलं.

पोलिसांना सापडतो तो वायफायच्या मालकाचा पत्ता. मंडळी, तो पत्ता जुन्या नाशकातला असता आणि दारावरच्या पाटीवर माझ्यासारखं नाव असतं तर? खरं काय ते बाहेर येईपर्यंत त्या घरानं गल्लीतून कसं यायचं-जायचं?

आमच्याकडे घरं भिंतीला भिंत लावून असतात. शेजारची फोडणी आपल्याला कळते, तसं आपलं वायफाय शेजारी पोचतं. ते आवरायला राऊटरमध्ये एक यादी करता येते, तिला मॅक फिल्टर म्हणतात. प्रत्येक मोबाइलला, लॅपटॉपला बारा अंक-अक्षरांचा मॅक पत्ता असतो. लग्नाच्या मांडवात दाराशी काका यादी घेऊन बसतात ना, तसा राऊटर बसतो. यादीत पत्ता असेल तर आत, नाही तर बाहेर. यादी ‘यांनाच येऊ द्या’ अशी करावी. ‘यांना येऊ देऊ नका’ अशी केली, तर सारे अनोळखी आत. आणि ती चालू करण्याआधी स्वतःचं यंत्र तीत घाला, नाहीतर यजमानच बाहेर!

पण हे काका चेहरा बघत नाहीत, फक्त नाव ऐकतात. मॅक पत्ता हवेतून उघडाच जातो. माहीतगार माणूस तो टिपतो आणि स्वतःच्या यंत्राला लावतो. शिवाय हल्लीचे बरेचसे मोबाइल वायफायला खरा पत्ता न देता बनवलेला पत्ता देतात. माग राहू नये म्हणून ही सोय आहे, चांगलीच आहे. पण तो पत्ता बदलला की घरचाच पोरगा परका ठरतो. त्या मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन, आपल्या घरापुरता खरा पत्ता द्यायला सांगावं लागतं.

तेव्हा यादी हवी तर ठेवा, खरं कुलूप पासवर्डचंच. राऊटरमध्ये डब्ल्यूपीए-3 असेल तर ते निवडा, नसेल तर डब्ल्यूपीए-2. जुनं डब्ल्यूईपी नको, ते सहज फुटतं. पासवर्ड लांबलचक घ्या, मोबाइल नंबर नको, पोरांची नावं नकोत. राऊटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो, कंपनीनं दिलेला तोही बदला. अन् भाडेकरू खोली सोडून गेला, की किल्ली परत घेता त्याच दिवशी वायफायचा पासवर्डही बदला.