दिवा विझला म्हणजे आजार गेला असं नाही

माजलगावात आमचा बचत गट आहे.

पापड, शेवया, मसाले बाजाराला न्यायला भाड्याचा टेम्पो परवडेना. म्हणून आम्ही दहा जणींनी गटाच्या पैशातून एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. चार दिवस बरे गेले, अन् समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्यानं यंत्र लावून तो घालवला. आठवड्यात दिवा पुन्हा हजर! दुसऱ्या गॅरेजात सेन्सर बदलला, साडेतीन हजार गेले. तरी दिवा तिसऱ्यांदा लागला. बैठकीत आवाज चढले, "विकून टाका ती गाडी!"

शेवटी एकीच्या भाच्यानं समजावलं. तो गाड्यांचंच काम करतो. गाडीतला छोटा संगणक इंजिनावर नजर ठेवतो. काही बिघडलं की आकडा नोंदवतो अन् दिवा लावतो. आकडा पुसला की नोंद जाते, बिघाड जात नाही. गाडी चालताना संगणक पुन्हा तपासतो, अन् दिवा पुन्हा लागतो.

आमचा आकडा होता पी ०१७१. म्हणजे इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी. पण आकडा तक्रार सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. हवेची नळी फाटली असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, नाहीतर पेट्रोलचा पंप थकला असेल. आमच्याकडे न तपासताच सेन्सर बदलला होता. आजार म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला!

भाच्यानं गाडी उभ्यानं चालू ठेवून यंत्रावर पाहिलं. संगणक पेट्रोल खूप वाढवत होता. रेस दिली की ती वाढ कमी व्हायची. म्हणजे कुठूनतरी चोरून हवा शिरत होती. कान देऊन ऐकलं तर 'सुस्स' आवाज! बोटाएवढी रबरी नळी खालून चिरलेली. दीडशे रुपयांत काम झालं. त्यानंतर दिवा लागलेला नाही.

मैत्रिणींनो, आम्ही महागात शिकलो, तुम्ही फुकट शिका. आकडा पुसायच्या आधी वहीत लिहून घ्या. पार्ट बदलायच्या आधी विचारा, "दादा, हाच खराब आहे हे कशावरून?" बदललेला जुना पार्ट मागून घ्या. दिवा नुसता लागला तर गाडी लवकर दाखवा. उघडझाप करू लागला तर वेग कमी करा अन् बाजूला थांबा. तेव्हा न जळलेलं पेट्रोल धुराड्याच्या नळीत जाऊन धूर साफ करणारा महागडा भाग जाळतं.

अन् जुनी गाडी घेताना एवढं पाहाच. चावी फिरवली की हा दिवा लागला पाहिजे, इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. लागलाच नाही, तर तो काढून ठेवलेला असू शकतो. यंत्र लावून बघा. संगणकाच्या बऱ्याच तपासण्या अपुऱ्या दिसल्या, तर आकडे नुकतेच पुसले असतील. मग ती गाडी घ्यायची घाई नको.

दहा जणींचा पैसा आहे, विचारायला लाजायचं कशाला?